रक्ताची नोंद आणि समाजाचा विश्वास

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्याला सिकलसेल ही व्याधी नवी नाही. मध्य भारतातील तिच्या वाहकांविषयी शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते. १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हा संकल्प भव्य आहे. त्यासाठी संशोधन हवे आणि संशोधनासाठी माणसांच्या रक्ताच्या नोंदी हव्यात. त्या नोंदी सांभाळणे हे केवळ कारकुनी काम नव्हे.

वाहक व्यक्ती सहसा निरोगी असते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. शास्त्र इतके साधे आहे. पण साकोली-पवनीकडच्या एखाद्या गावात उपवर मुलीचे नाव ‘वाहक’ म्हणून फुटले, तर शास्त्र ऐकायला कोण थांबतो? मुलाची तपासणी कुणी मागत नाही; शिक्का बसतो तो मुलीवर. एकदा असे घडले की पुढच्या शिबिराला गाव फिरकत नाही.

म्हणूनच संशोधनात सहभागी व्यक्तीचे नाव आणि तिच्या आजाराची नोंद एकत्र ठेवू नये, हा दंडक आहे. नोंदीवर केवळ सांकेतिक क्रमांक असावा. क्रमांक आणि नाव जोडणारी यादी स्वतंत्र, कुलूपबंद असावी. चूक दुरुस्त करताना जुना आकडा खोडून नाहीसा करायचा नाही. तो वाचता येईल असा ठेवून स्वाक्षरी व दिनांक घालायचा. संमती मातृभाषेत समजावून घ्यायची आणि ती मागे घेतली तरी उपचार थांबवायचे नाहीत.

हे न पाळल्यास काय होते, ते देशाने पाहिले आहे. २००९ मध्ये खम्मम येथे ‘पाथ’ या अमेरिकन संस्थेच्या प्रकल्पात वनवासी मुलींना एचपीव्ही लस टोचली गेली. पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले. २०१० मध्ये प्रकल्प थांबला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. कागद होते, त्यामागची संमती नव्हती.

२०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संशोधनाला काही सवलत दिली आहे. ती आवश्यकच आहे. मात्र सवलत म्हणजे मोकळे रान नव्हे. शिबिरात साहाय्य करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने दोन प्रश्न विचारावेत: ही यादी कोणाच्या हाती जाईल आणि काम संपल्यावर तिचे काय होईल? समरसतेची भाषा बोलणाऱ्या समाजाने आपल्या दुर्बलतम बंधुभगिनींचे गुपित राखणे, ही त्या समरसतेची पहिली कसोटी आहे.