बदकांचा खुराडा आणि जाळीचा हिशेब

अमरावती-अकोल्याकडे परसात दोन-चार बदके पाळणाऱ्या बंधूंनो, पावसाळ्यात नुकसान झाले की नशिबाला बोल लावू नका. दोष जाळीचा आहे. कोंबडीजाळीच्या इंचभर छिद्रातून साप आत शिरतो, अंडी-पिल्ले गिळतो. मुंगूस तर खालून उकरून येते. कोंबडी रात्री उंचावर बसते, बदक जमिनीवरच निजते. अर्ध्या इंचाहून बारीक तारजाळी घ्या, वीतभर जमिनीत गाडा. महाग पडेल, पण स्वस्त कापड भरून पस्तावलेला व्यापारी हे सांगतो आहे. बदके बहुधा पहाटे अंडी घालतात, ती लगेच उचला. सांडलेले दाणे झाडा. त्यावर उंदीर येतात, उंदरामागे धामण. तिला मारणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, सर्पमित्राला बोलवा.