चौरस फुटांच्या पलीकडचे घर

गिरगावात, दादरला, लालबाग-परळला किंवा विलेपार्ल्याला आज चार परिचित माणसे एकत्र आली की बोलण्याचा ओघ फिरून फिरून एकाच विषयापाशी येतो. तो विषय म्हणजे पुनर्विकास. लग्नकार्यात भेटलेले जुने शेजारी प्रकृतीची चौकशी करण्याआधी ‘तुमच्या इमारतीचे कुठवर आले?’ असे विचारतात. पुढचे तीन प्रश्नही ठरलेले असतात. किती फूट मिळणार, भाडे किती देणार आणि ताबा कधी मिळणार? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु या तिन्हींहून महत्त्वाचा असा चौथा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. नव्या इमारतीत राहायला गेल्यानंतर दहा-बारा वर्षांनीही आपले कुटुंब तेथेच राहत असेल का?

या विषयावर रहिवाशांचे मत एकच आहे असे मानणे चुकीचे ठरेल. एकाच चाळीच्या एकाच मजल्यावर पाच प्रकारची मते नांदत असतात. ज्यांचे सारे आयुष्य त्या गॅलरीत गेले, त्या वृद्धांना संक्रमण शिबिराची धास्ती वाटते. एकदा बाहेर पडलो की परत येणे आपल्या नशिबी आहे की नाही, हा त्यांचा घोर असतो. मुलासुनांना मात्र एक-एक दिवस जड जातो. सामाईक संडास, पडद्याआड केलेली मोरी आणि पोटमाळ्यावरचा संसार त्यांना नकोसा झाला आहे. ज्यांनी डोंबिवली-बदलापूरला घर घेऊन चाळीतली खोली कुलूपबंद ठेवली आहे, त्यांना अधिक रक्कम देणारा विकासक हवा असतो. तळमजल्यावरच्या किराणा दुकानदाराला नव्या आराखड्यात रस्त्यालगतची जागा मिळेल का, याची चिंता असते. शिवाय घरमालकाचे म्हणणे असते की, या मालमत्तेने आपल्याला आजवर दिले तरी काय! यांपैकी कोणाचेही म्हणणे खोटे नाही. अडचण अशी की, ही मते एकमेकांसमोर मांडली जाण्यापूर्वीच विकासकाचा माणूस प्रत्येकाच्या दाराशी स्वतंत्रपणे पोहोचलेला असतो.

जुन्या चाळींविषयी आपल्याकडे हळवेपणाने पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या हळवेपणाला येथे थारा देण्याचे कारण नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळींच्या २०७ इमारती एका शतकापूर्वी उभ्या राहिल्या, त्या १६० चौरस फुटांच्या खोल्या घेऊन. त्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या वाढल्या. वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. त्या कुटुंबांच्या आनंदाला नाक मुरडण्याचा अधिकार प्रशस्त घरात राहणाऱ्या कोणालाही नाही. शिवाय प्रश्न केवळ सोयीचा नाही, जिवाचाही आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी ही जुनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे दगावली. ही इमारत पुनर्विकासाच्या योजनेत समाविष्ट होती. काही कुटुंबे बाहेर पडली होती, काही मागे राहिली होती. लाकडी तुळया आणि लोखंडी टेकू माणसांची मते जुळेपर्यंत थांबत नाहीत.

ही वेळ आली कशी, हेही समजून घेतले पाहिजे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. महायुद्धोत्तर टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते. परंतु ती तात्पुरती तजवीज पन्नास वर्षे टिकली. घरमालकाच्या हाती दुरुस्तीपुरताही पैसा उरेना आणि इमारती खंगत गेल्या. १९६९ साली शासनाने उपकर बसवून दुरुस्तीची जबाबदारी स्वतंत्र मंडळाकडे सोपवली. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. आजही तेरा हजारांहून अधिक उभ्या आहेत. १९९९ च्या नव्या कायद्याने भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. मात्र मूळ भाडेच नाममात्र असेल, तर त्याच्या चार टक्क्यांनी कोणत्या भिंतीला गिलावा होणार? अखेर अधिक चटईक्षेत्र देऊन विकासकाकडूनच जुन्या रहिवाशांना घरे बांधून घ्यायची, हा मार्ग निघाला.

‘घर मोफत मिळते’ असे आपण सहज म्हणतो. वास्तविक जगात मोफत काहीच नसते. जुन्या रहिवाशांच्या घरांचा खर्च त्याच भूखंडावर बांधलेली जादा घरे बाजारभावाने विकून वसूल केला जातो. त्यामुळे एका तीन मजली चाळीच्या जागी वीस-तीस मजल्यांचा मनोरा उभा राहणे हा कोणाच्या हावेचाच परिणाम असतो असे नाही. त्या गणितातच ती उंची दडलेली असते. आणि उंची आली की तिच्यामागून खर्च येतो. लिफ्ट, पाण्याचे पंप, जनित्र, अग्निशमन यंत्रणा, यांत्रिक वाहनतळ, पहारेकरी, या साऱ्यांची देयके दरमहा भरावीच लागतात. चाळीत जिन्यावरचा एक दिवा आणि झाडूवाल्याचा पगार एवढ्यावर महिना निघत असे.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. समजा, नवे घर ४०० चौरस फुटांचे आहे आणि देखभालीचा खर्च चौरस फुटाला १२ रुपये आहे. म्हणजे महिन्याला ४,८०० आणि वर्षाला ५७,६०० रुपये झाले. विकासकाने प्रत्येक कुटुंबाच्या नावे ५ लाखांचा कॉर्पस फंड ठेवला आणि त्यावर ७ टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला ३५,००० रुपये येतील. २२,६०० रुपयांची तूट पहिल्याच वर्षी पदरचे घालून भरावी लागेल. खर्च दरसाल ६ टक्क्यांनी वाढत गेला, तर बारा वर्षांत तो दुप्पट होतो आणि व्याज मात्र तेवढेच राहते. पहिल्या वर्षी कमावता असलेला गृहस्थ तोवर निवृत्त झालेला असतो. ज्यांनी कॉर्पसची रक्कम मुलीच्या लग्नात किंवा घराच्या सजावटीत आधीच खर्च केली, त्यांचा प्रश्न आणखी बिकट होतो. मग एके दिवशी दलालाचा दूरध्वनी येतो, घराची किंमत ऐकून डोळे विस्फारतात आणि सामान पुन्हा एकदा टेम्पोत चढते. या वेळी परतीचा करार नसतो.

मध्यमवर्गीय मराठी माणूस गिरगावातून कोणी हाकलून दिल्याने बाहेर गेला, असे सांगणे भाषणाला सोयीचे असते. प्रत्यक्षात पुष्कळांनी आधी अपुऱ्या जागेपायी आणि नंतर न पेलणाऱ्या खर्चापायी स्वतःच्याच सहीने आपले घर सोडले. म्हणून पंचवीस-तीस फूट वाढवून मागण्यासाठी बैठका गाजवताना त्या फुटांचा दरमहा भार किती, हे कोणी तरी विचारलेच पाहिजे. मुंबई महापालिका क्षेत्रात ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. ही मर्यादा थोडक्यासाठी ओलांडणारे घर मागताना तरी हा विचार झाला पाहिजे.

दुसरा मुद्दा पैशात मोजता न येणारा आहे. मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत झाला. त्या चाळींना चौक होता, समोरासमोरच्या गॅलऱ्या होत्या आणि येता-जाता माणसाला माणूस दिसेल अशी रचना होती. उत्सवाला मंडप घालायला जागा लागते, मुलांना खेळायला अंगण लागते, दहा माणसांना बसून बोलायला ओटा लागतो. ग्रंथालय, व्यायामशाळा, बालवर्ग आणि भजनी मंडळे अशाच जागांतून उभी राहिली. नव्या आराखड्यात हा चौक पोडियमच्या वाहनतळाखाली जातो. जुन्या रहिवाशांची इमारत मागच्या बाजूला आणि विक्रीची पुढच्या बाजूला, दोहोंची प्रवेशद्वारे निराळी, अशी विभागणीही होते. मग गणपती कोठे बसवायचा, यावर पहिल्याच वर्षी वाद उभा राहतो. विक्रीच्या इमारतीत येणारा नवा रहिवासी काही शत्रू नव्हे. त्याने आपल्या कष्टाच्या पैशानेच घर घेतलेले असते. पण सामाईक जागा करारात लिहिलेली नसेल, तर त्याला तरी ती कशी कळावी? दोनशे-तीनशे चौरस फुटांचे एक सभागृह आणि मोकळ्या जागेच्या वापराचा हक्क यांचा उल्लेख आराखड्यात व करारनाम्यात असणे, ही काही अवाजवी मागणी नाही. मात्र ती सहीपूर्वी करावी लागते.

सहीचा विषय निघालाच आहे, तर संमतीविषयी बोलले पाहिजे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ४ जुलै २०१९ रोजी त्या सुधारल्या. जुन्या सूचनांप्रमाणे सभेला तीन चतुर्थांश सभासदांची उपस्थिती आणि उपस्थितांपैकी तीन चतुर्थांश मते आवश्यक होती. नव्या सूचनांनी उपस्थितीची अट दोन तृतीयांशांवर आणली आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरेशी मानली. एखाद-दुसऱ्या हटवादी सभासदापायी साऱ्या इमारतीने धोक्यात राहावे, हे योग्य नव्हतेच. त्यामुळे या बदलाचे स्वागत केले पाहिजे. परंतु त्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. ५१ जणांच्या सह्या गोळा झाल्या की उरलेल्या ४९ जणांच्या शंका ऐकून घेण्याची कोणालाच गरज वाटेनाशी होते. कायदा बहुमत मोजतो; एकमत घडवणे ही वस्तीची जबाबदारी आहे.

ही जबाबदारी टाळली गेली की काय होते, याचे उदाहरण गोरेगावच्या सिद्धार्थनगरने, म्हणजेच पत्राचाळीने घालून दिले आहे. म्हाडाच्या ४७ एकर भूमीवरील ६७२ कुटुंबांच्या पुनर्वसनाचा करार २००८ साली झाला. घरे रिकामी झाली, विक्रीचे हक्क इतर विकासकांना विकले गेले, रहिवाशांच्या इमारती मात्र अर्धवट राहिल्या. पुढे मिळणारे भाडेही बंद झाले. २०१८ साली म्हाडाने प्रकल्प आपल्या ताब्यात घेतला आणि रखडलेले काम पुन्हा सुरू व्हायला २०२२ साल उजाडले. या काळात कित्येक वृद्धांनी भाड्याच्या घरातच अखेरचा श्वास घेतला. शासकीय यंत्रणा करारात सहभागी असूनही हे घडले, हे विसरून चालणार नाही. कागदावरची तारीख पाळली जाईल याची हमी कोणाच्याही नावाने मिळत नाही, ती फक्त करारातील अटींनी आणि त्यावरच्या सततच्या नजरेने मिळते.

मग रहिवाशांनी करायचे काय? सर्वांत आधी, विकासक येण्यापूर्वी आपापसात बसावे. वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार संस्थेने स्वतः नेमावा, विकासकाने सुचवलेला नसावा. घरांचे क्षेत्रफळ चटईक्षेत्र म्हणूनच लिहून घ्यावे, फसव्या टक्केवारीत नव्हे. शासनाच्या सूचनांत प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी विकासकाकडून घेण्याची तरतूद आहे. ती सोडून देण्याचा मोह समितीने टाळावा. इमारत बांधून झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत ताबा घेण्याची घाई करू नये. कॉर्पसची रक्कम कुटुंबांना हाती न देता त्यातला मोठा वाटा संस्थेच्या नावे ठेवावा आणि केवळ व्याज देखभालीकडे वळवावे. उपकरप्राप्त चाळीतील भाडेकरूंना या सहकारी सूचना जशाच्या तशा लागू होत नाहीत. पण नियोजित संस्था स्थापून हीच शिस्त स्वतःला लावून घेण्यापासून त्यांना कोणी रोखलेले नाही. शेजारच्या इमारती एकत्र आल्या, तर नियमच त्यांना अधिक चटईक्षेत्र देतात. ज्या संस्थांच्या नावे जमीन आहे आणि जेथे विश्वासाची चार जाणती माणसे आहेत, तेथे स्वयंपुनर्विकासाचा मार्गही आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये शासनाने त्यासाठी स्वतंत्र निर्णय काढला असून मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने अशा संस्थांना कर्जे दिली आहेत. विकासकाच्या पदरात जाणारा नफा येथे सभासदांच्या घरात आणि कॉर्पसमध्ये येतो. अर्थात जोखीमही त्यांचीच असते, हे जाणूनच त्या वाटेला जावे.

कोणी म्हणेल, इतक्या अटी घातल्या तर विकासक पाठ फिरवील आणि इमारत तशीच टेकूवर राहील. ही भीती निराधार नाही. जेथे भूखंड लहान आणि रहिवासी अधिक, तेथे गणित मुळातच तुटीचे असते आणि अवाजवी मागण्यांनी ते पार कोलमडते. परंतु देखभालीचा हिशेब मागणे, बँक हमी घेणे आणि एक सभागृह लिहून घेणे यांनी कोणताही प्रकल्प बुडत नाही. प्रकल्प रखडतात ते प्रत्येक घराने स्वतंत्र बोलणी करून दुसऱ्यापेक्षा दहा फूट अधिक पदरात पाडून घेण्याच्या चढाओढीने. आपल्यातली फूट हेच समोरच्याचे भांडवल असते.

वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे. प्रत्येक मोहल्ल्यात एखादा निवृत्त अभियंता, एखादा सनदी लेखापाल, एखादा वकील असतोच. त्यांनी आठवड्यातून दोन तास दिले आणि कराराचे मराठीतून वाचन केले, तरी कितीतरी कुटुंबे पुढच्या पश्चात्तापातून वाचतील. ज्या आजींना इंग्रजी करारनामा वाचता येत नाही, त्यांच्या अंगठ्याचेही मोल ५१ टक्क्यांत एका मताइतकेच आहे. ते मत समजून-उमजून पडावे, एवढी व्यवस्था करणे ही मोठीच समाजसेवा ठरेल.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावच्या पोटातून मेट्रो धावू लागली. तेथील जमिनीचा भाव यापुढे चढतच जाणार. त्या भावाने आपल्या घराची किंमत वाढेल यात शंका नाही. पण किंमत विकणाऱ्याच्या कामी येते, राहणाऱ्याच्या नव्हे. आपल्याला यांपैकी कोण व्हायचे आहे, हे प्रत्येक कुटुंबाने संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ठरवावे.