आवाज येतो फटीतून

खाली दुकान आणि वर घर ही बाजारपेठेतील जुनी रीत. ईश्वरपुरात (पूर्वीचे इस्लामपूर) ऊस हंगामात पेठ-सांगली रस्त्यावर ट्रॅक्टरांची रीघ लागते, त्यांवरील गाणी रात्री उशिरापर्यंत घुमतात. आणि त्याच सुमारास बारावीची परीक्षा येऊन ठेपते. मग अभ्यासाच्या खोलीला फोम लावण्याचा सल्ला मिळतो.

हा खर्च बहुधा वाया जातो. फोमने खोलीतील घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. अंड्यांच्या पुठ्ठ्यांचेही तेच; ते जैन घरात येण्याचा प्रश्नच नाही आणि न आल्याने काही बिघडतही नाही. आवाज अडवते ते वजन. नऊ इंची विटांची भिंत हे काम चोख करते. पण तिच्या शंभराव्या हिश्शाएवढी फट राहिली, तरी सारा लाभ सुमारे २० डेसिबलवर थांबतो. म्हणून पहिला रुपया खिडकी-दारावर घालावा: झडपांना रबरी पट्टी, चौकटीभोवतीच्या भेगांत सिलिकॉन, दाराखाली रबराची झालर. रात्री खोलीत अंधार करून बाहेर दिवा लावावा. उजेड जेथून शिरतो तेथूनच आवाजही शिरतो. पैसे उरल्यास रस्त्याकडील खिडकीला आतून चार बोटे अंतर सोडून दुसरी काच बसवावी. खिडकीवर टांगलेल्या वाकळेवर फार भिस्त नको. वाऱ्यासाठी परसाकडील खिडकी उघडी राहू द्यावी.

डॉल्बीचा दणका मात्र यातील कशानेही थांबत नाही. त्यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत: निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल. तक्रारीसाठी पोलिसांचा क्रमांक ११२.