नुसतं 'दुखतंय' म्हणू नका, कसं दुखतंय ते सांगा

आज राजकारण नाही, दुखण्यावर लिहितोय. आपल्या हातकणंगले तालुक्यात हासुद्धा सार्वजनिक प्रश्नच आहे.

इचलकरंजीत पाळीभर मागावर उभा असणारा कामगार, हुपरीत मान वाकवून चांदीवर बसलेला कारागीर, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतली पोरं, उसाच्या फडातल्या बायका. सगळ्यांचं औषध एकच. मेडिकलमध्ये जायचं आणि म्हणायचं, "अंगदुखीची गोळी दे की." मीटरवर मजुरी असणाऱ्यानं दवाखान्यासाठी खाडा कसा करायचा, हे कळतं मला. पण सगळी दुखणी एक नसतात आणि सगळ्यांना एकच गोळी चालत नाही.

ढोबळमानानं तीन प्रकार.

पहिला, इजा किंवा सूज यांचा. मुरगळणं, लचक, सांध्याची झीज. इथं ठणका लागतो, ठसठसतं, हालचाल केली की वाढतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या इथं काम करतात. पण त्या महिनोन्‌महिने, त्यातही उपाशीपोटी, खाल्ल्या तर पोटात अल्सर होतो, किडनीवर ताण येतो. बीपी-शुगर असणाऱ्यांना धोका जास्त.

दुसरा, नसेचा. इथं जळजळतं, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखी चमक कमरेतून पायात उतरते. शुगरवाल्यांच्या तळपायाची आग ही बहुतेक वेळा हीच. यावर साध्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, औषधं वेगळी असतात. माणूस मात्र "एकीनं भागत नाही" म्हणून दोन खातो.

तिसरा, तपासण्या नॉर्मल, तरी अंग दुखतंच. झोप लागत नाही, थकवा जात नाही. घरचे म्हणतात, "नाटकं करती." नाटक नव्हे ते. दुखण्याचा निरोप नेणारी मेंदू-मज्जातंतूंची यंत्रणाच जास्त संवेदनशील झालेली असते. जागतिक वेदना संघटनेनं 2017 मध्ये या प्रकाराला वेगळं नाव दिलं.

शिवाय आतल्या अवयवांचं दुखणं जागा बदलून फसवतं. हार्टचं दुखणं डाव्या हातात, जबड्यात, पाठीत येतं आणि आपण "पित्त झालंय" म्हणून सोडा पितो. अपेंडिक्स बऱ्याचदा आधी बेंबीपाशी दुखतो, मग उजवीकडं खाली सरकतो. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला तर गोळी नको, थेट दवाखाना. आणि पाय बधिर झाला, जखम झालेली कळलीच नाही, तर ते दुखण्यापेक्षाही वाईट.

नीट विचारलं नाही तर काय होतं, ते बीडच्या ऊसतोड बायकांनी भोगलंय. पोटदुखी, कंबरदुखी, अंगावरून पांढरं जाणं, आणि उपाय काय तर पिशवी काढा! 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत 82 हजारांवर महिलांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्याच भागातल्या टोळ्या आपल्याकडंही ऊस तोडायला येतात.

कॅनडात रोनाल्ड मेल्झॅक यांनी 1975 मध्ये वेदनेच्या 78 शब्दांची प्रश्नावली केली, कारण रुग्णाचा शब्दच डॉक्टरला दिशा देतो. आपल्या मराठीत काय कमी आहे? ठणका, कळ, चमक, उसण, वांब, ठसठस, जळजळ, सल. आमच्या आज्ज्या हे शब्द अचूक वापरायच्या. आपण दवाखान्यात जाऊन "लई पेन होतंय" एवढंच सांगतो, आणि डॉक्टरकडंही दोन मिनिटांच्यावर वेळ नसतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत:

1. प्रत्येक आरोग्य केंद्रात मराठी शब्दांचा तक्ता लावा. कुठं, कसं, कधीपासून, कशानं वाढतं, हे केस पेपरवर लिहा.

2. आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट मिळावा, तोही संध्याकाळी. सकाळी कामगार येऊ शकत नाही.

3. 30 वर्षांवरच्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी केंद्रात मोफत आहे. ती माग, फौंड्री आणि फडापर्यंत न्या.

4. कारखानदारांनी बसायला स्टूल आणि मधे दहा मिनिटं विश्रांती द्यावी. यात कुणाचं दिवाळं निघत नाही.

ग्रामपंचायत, नगरपंचायत, महापालिका, जिल्हा परिषद, ज्यांच्या हातात जे आहे त्यांनी ते करावं. तोवर घरात कुणी महिन्यापेक्षा जास्त दिवस रोज गोळी खात असेल, तर त्याला या आठवड्यात डॉक्टरकडं न्या. तुमच्याकडं दुखण्याला आणखी कोणते शब्द आहेत? कमेंटमध्ये लिहा, तक्त्यासाठी उपयोगी पडतील.