कशावरून?

दिवाळीच्या अंकात तर्कशास्त्र कसले वाढता, असे म्हणून पान उलटू नका, वाचकहो. फराळात एखादे कडबोळे असायचेच!

गेल्या हिवाळ्यात भल्या पहाटे आम्ही भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीला गेलो होतो. तानसेच्या काठी कुंडांवर पांढरे लोट तरंगत होते. भाच्याने लांबूनच निकाल दिला, "मामा, आग लागलीय तिथे!"

"कशावरून रे?"

"धूर दिसतोय ना!"

आता गंमत पाहा. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त अनुमानाचे दोन प्रकार आहेत. (मुंबईत १८९७ साली आठल्ये-बोडसांनी त्याची सटीप आवृत्ती काढली.) एक अनुमान स्वतःपुरते; ते मनातल्या मनात उरकते. दुसरे परक्याला पटवण्याचे. तिथे पाच पायऱ्या चढून दाखवाव्या लागतात. डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे, जिथे धूर तिथे आग, जसे स्वयंपाकघर (चुलीचे, गॅसचे नव्हे!), इथेही तसाच धूर आहे, म्हणून आग आहे. पोराचा नियम खरा, दाखला खरा. खोटा होता तो फक्त धूर! ती वाफ होती. खोल मुरलेले पाणी पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापून भेगांतून वर येते. पोराने 'कशावरून' ते सांगितले, म्हणून चूक नेमकी सापडली. नुसतेच 'आग!' म्हणून ओरडला असता, तर आम्ही बादल्या घेऊन धावलो असतो.

यंत्राकडूनही हीच अपेक्षा. १९७०च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डला एडवर्ड शॉर्टलिफ यांनी 'मायसिन' नावाची संगणकप्रणाली रचली. रक्तातला जंतुसंसर्ग ओळखून औषध सुचवायचे, हे तिचे काम. 'असे असेल तर तसे' या धर्तीचे सुमारे ५०० नियम तिच्यात होते. पण मला तिचे कौतुक वाटते ते निराळ्याच गोष्टीसाठी. 'हे का विचारतेस?' आणि 'हे कशावरून ठरवलेस?' असे डॉक्टरने विचारले, की ती वापरलेला नियम काढून पुढे ठेवी. दवाखान्यांतून ती प्रत्यक्ष वापरात आली नाही, ही गोष्ट वेगळी.

आमच्या शेजाऱ्यांचा घरकर्जाचा अर्ज मध्यंतरी एका संस्थेने फेटाळला. कारण विचारले, तर खिडकीतून उत्तर आले, "काँप्युटर नाही म्हणतो." शेजारी जुन्या वळणाचे गृहस्थ, खिडकी सोडीनात. "नाही म्हणतो हे कळलं हो, पण कशावरून म्हणतो?" तिसऱ्या खेपेला कारकुनाने कागद काढला. थकबाकीदाराला कर्ज नाही, हा नियम. आणि स्कूटरचे जुने कर्ज थकलेले, ही नोंद. नियमाशी शेजाऱ्यांचे भांडण नव्हतेच. ते घरी आले, ट्रंक उपसली आणि कर्ज फिटल्याची पावती शोधून काढली. सोमवारी ती घेऊन जाणार आहेत.