तंबू ठोका, पण वेशीबाहेर

थंडीची चाहूल लागली की सातारा, कऱ्हाड, सांगलीकडच्या मित्रमंडळींचे बेत शिजू लागतात. चांदोली की वासोटा, किती डोकी, वर्गणी किती, गाडी कुणाची, हे सगळे ठरते आणि शेवटी एकच प्रश्न उरतो: जंगलात तंबू टाकून रात्र काढता येईल का? वनखात्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्यावर चडफडणारे पुष्कळ आहेत. ‘आम्ही काय झाडे तोडणार आहोत?’ हा त्यांचा सवाल खोटा नाही, कारण बहुतेक जण खरोखरच काही तोडत नाहीत. तरीही ही बंदी योग्य आहे असे माझे मत आहे, आणि त्यामागचे कारण पर्यटकाच्या सुरक्षिततेपुरते नाही. बिबट्या किंवा अस्वल आले तर काय, एवढ्याच भीतीपोटी बंदी असती, तर धाडसी माणसाला ती मोडावीशी वाटणे स्वाभाविक होते.

तंबूला जागा कशी लागते ते पाहा. सपाट, थोडी सावली आणि पाणी जवळ. सह्याद्रीच्या या पट्ट्यात नवजा, पाथरपुंजसारख्या ठिकाणी एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण कातळसड्यांवरून तो धो धो वाहून जातो. फेब्रुवारी उलटला की ओढे आटतात आणि मोजके पाणवठे उरतात. गवा, सांबर, भेकर यांचे पाण्यावर येणे मुख्यतः संध्याकाळनंतरचे. म्हणजे माणसाला मुक्कामासाठी जी जागा आवडते, तीच नेमकी जनावरांच्या गरजेची असते. शेकोटी पेटवून आठ-दहा जण गप्पा मारत बसले, अगदी सभ्यपणे बसले, तरी कळप मागे फिरतो. झाड तुटत नाही, कचरा पडत नाही, फोटोत काही वाईट दिसत नाही. नुकसान मात्र झालेले असते. शिवाय सड्यांवरचे गवत हिवाळ्यातच वाळून कोरडे झालेले असते. वनखाते दरवर्षी जाळपट्टे काढते ते वणवा पसरू नये म्हणून, आणि निम्मी विझलेली एक शेकोटी त्या साऱ्या मेहनतीवर पाणी फिरवू शकते.

हे जंगल सध्या नाजूक वळणावर आहे, हेही ध्यानात घ्यायला हवे. कोयना अभयारण्य आणि 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले चांदोली यांना जोडून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. क्षेत्र सुमारे 1165 चौरस किलोमीटर, त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग गाभ्याचा. नाव व्याघ्र प्रकल्प, पण वाघ वर्षानुवर्षे जवळजवळ कागदावरच होता. अधूनमधून कॅमेऱ्यात एखादा दिसला तर त्याची बातमी व्हायची. आता 2025 च्या नोव्हेंबरात ताडोबातली एक वाघीण चांदोलीत आणून सोडली गेली. तिच्यासारख्यांना खाद्य मिळावे म्हणून आधी चितळे आणावी लागली, आणि त्यातली काही सांगली जिल्ह्यातल्याच सागरेश्वरमधून आली. उघड्या डोंगरावर माणसांनी झाडे लावून वाढवलेले जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे ते अभयारण्य आज मोठ्या जंगलाला जनावरे पुरवते आहे. एवढा खटाटोप करून बसवलेली घडी आपल्या दोन रात्रींच्या हौसेसाठी विस्कटावी का?

पण माझ्या लेखी सगळ्यात मोठे कारण वाघ नाही, माणूस आहे. हे रिकामे दिसणारे जंगल मुळात रिकामे नव्हते. आधी कोयना धरणाने शिवसागर जलाशयाखालची गावे उठवली, मग वारणेच्या धरणाने, आणि पुढे अभयारण्य जाहीर झाल्यावर चांदोलीतल्या गावांना बाहेर पडावे लागले. शेताचे बांध, घरांची जोती, देवळांचे चौथरे अजून झाडोऱ्यात आहेत. तिथून उठलेल्या माणसांची ‘अभयारण्यग्रस्त’ अशी सरकारी जात तयार झाली, आणि जमीन, पाणी, नागरी सुविधांसाठी श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली त्यांना वर्षानुवर्षे ठिय्या मारावा लागला. जंगलाला शांतता हवी म्हणून ज्यांना पिढीजात घर सोडायला लावले, त्यांच्याच जोत्याशेजारी शहरातून आलेल्याने पावती फाडून तंबू ठोकायचा, हे कुठल्या न्यायात बसते? बंदी सैल झाली तर पहिला अन्याय त्यांच्यावर होईल.

गडप्रेमींचा आक्षेप गंभीर आहे. वासोटा, प्रचितगड, भैरवगड हे आपल्या इतिहासाचे भाग आहेत. तिथे मुक्कामाची जुनी रीत होती, मग आता हक्क कसा गेला? हक्क गेलेला नाही, रात्र गेली आहे. बामणोलीहून सकाळी बोट धरली तर वासोटा चढून दिवस मावळायच्या आत परतता येते, आणि हंगामात लोक तसे करतातच. चढाई सुरू होण्याआधी वनरक्षक पिशव्या उघडायला लावतो, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, वेष्टने मोजतो, अनामत घेतो आणि उतरल्यावर तेवढाच ऐवज दाखवला की पैसे परत करतो. काहींना हा जाच वाटतो. मला ही राज्यातल्या पर्यटन व्यवस्थेतली सर्वांत शहाणी पद्धत वाटते, कारण तिला भाषणाची गरज पडत नाही. फुलांच्या कास पठारावरही असेच रोजच्या पर्यटकसंख्येला मर्यादा घातली, आधी नोंदणी सक्तीची केली आणि शुल्क गोळा करण्याचे काम भोवतालच्या गावांच्या समितीकडे दिले. हंगामातल्या शनिवार-रविवारी तिथे गर्दीच्या तक्रारी अजूनही होतात, पण मर्यादा नसती तर फुले पायाखाली गेली असती.

दुसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. गरीब ट्रेकरच्या दोन माणसांच्या तंबूला बंदी आणि कास, तापोळा, बामणोलीकडे पाण्याकाठी रिसॉर्टांवर रिसॉर्ट. थर्टीफर्स्टला डीजे, फटाके, झगमगाट. नियोजित ‘नवे महाबळेश्वर’ गिरिस्थानाच्या पहिल्या आराखड्यातच सातारा, जावळी, पाटणमधली 235 गावे आहेत. पाण्यावरून आवाज किती दूर जातो हे काठावरच्या गावकऱ्यांना विचारा. ही विसंगती खरीच आहे. पण तिच्यावरचा उपाय गाभ्यात तंबू सोडणे हा नसून गाभ्याभोवतालच्या बफर पट्ट्यातला आवाज आणि उजेड आवरणे हा आहे. नियम पातळ करून समानता आणायची म्हटली, तर तिचा लाभ शेवटी पैसेवाल्यालाच होतो.

मग बेत करायचा कसा? मुक्काम शेंबडी, बामणोलीच्या बाजूला किंवा शिराळा तालुक्यात वारणावती, मणदूरकडे गावात धरावा. तंबूचीच हौस असेल तर शेतकऱ्याला विचारून त्याच्या रानात टाकावा, जेवण त्याच्या घरचे घ्यावे. पिठले-भाकरीचे पैसे थेट त्या घरात जातात. पहाटे निघून परवाना काढावा, आत गाइड घ्यावा. पावसाळ्यात उद्यान बंद असते, तेव्हा हट्ट नको. वनखात्याकडूनही दोन गोष्टी हव्यात. गावातल्या अशा घरगुती मुक्कामांची यादी परवान्याच्या नोंदणीसोबतच दिसायला हवी, म्हणजे रिसॉर्टच्या जाहिरातीआधी पर्यटकाला गाव सापडेल. आणि आतल्या ग्रामदेवतांच्या जत्रेला येणाऱ्या अभयारण्यग्रस्तांना त्या दिवशी विनाशुल्क, विनाअर्ज आत सोडावे. गेटवर पर्यटकांच्या रांगेत त्यांना उभे करू नये.