बापाची नोकरी गेली, लेकरांच्या पोटगीचे काय?

खाजगीकरण आणि कंत्राटीकरणाने आपल्या समाजाच्या हातची नोकरी कशी हिसकावून घेतली, यावर पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. परंतु ज्याची नोकरी गेली त्याचे घर आधीच मोडलेले असेल, नवरा-बायको वेगळे राहत असतील आणि न्यायालयाने मुलांसाठी दरमहा पोटगी ठरवून दिलेली असेल, तर पुढे काय होते यावर कुणी बोलत नाही. चळवळीच्या व्यासपीठावर हा विषय घरगुती म्हणून टाळला जातो. आम्ही तो घरगुती मानत नाही. ज्या लेकरांची फी थकते, ज्यांची शाळा सुटते, ती लेकरे या समाजाचीच आहेत.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एक माणूस रुग्णालयात कंत्राटावर वॉर्डबॉय आहे. पगार सोळा हजार. दोन मुलांसाठी पाच हजारांची पोटगी. ठेकेदार बदलला, नव्या ठेकेदाराने आपली माणसे आणली आणि हा घरी बसला. आता तो नाक्यावर उभा राहतो. आठवड्याला तीन दिवस काम मिळाले आणि सातशे रुपये रोज पडला तरी महिन्याला नऊ हजारांच्या आसपास हातात येतात. त्यातून खोलीचे भाडे, म्हाताऱ्या आईचे औषध आणि स्वतःचे पोट. पोटगीचे पाच हजार कुठून आणायचे? अशा वेळी आपला माणूस काय करतो, तर गप्प बसतो. तारखेला जात नाही, फोन उचलत नाही, नोटीस आली तर घरच्यांना सांगतो, मी इथे राहत नाही म्हणून सांगा.

हे गप्प बसणे त्याच्याच अंगाशी येते. नोकरी गेली म्हणून न्यायालयाचा आदेश आपोआप थांबत नाही. तो चालूच राहतो आणि दरमहा पाच हजारांनी थकबाकी चढत जाते. दहा महिन्यांत पन्नास हजार. मग वसुलीचे वॉरंट निघते. पुरेशा कारणाशिवाय रक्कम भरली नाही तर थकलेल्या महिन्यागणिक एक महिन्यापर्यंतच्या कैदेची तरतूद कायद्यात आहे. काही बहाद्दर म्हणतात, जेलात जाऊन येतो, हिशेब मिटेल. हिशेब मिटत नाही. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, कैद भोगल्याने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगून ठेवले आहे. जेलातून बाहेर आल्यावरही ते पन्नास हजार तिथेच असतात.

मग मार्ग काय? मार्ग कायद्यातच आहे, पण वस्तीत तो फार थोड्यांना माहीत आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मिळत असे आणि परिस्थिती बदलली तर कलम १२७ खाली रक्कम कमी-जास्त करून घेता येत असे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. आता पोटगीचे कलम १४४ आहे आणि रकमेत बदल करण्याचे कलम १४६. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आदेश झाला असेल तर त्या कायद्याच्या कलम २५ मध्येही बदलाची सोय आहे. नोकरी गेली त्याच महिन्यात ज्या न्यायालयाने आदेश दिला तिथे अर्ज टाकावा. सहा महिने थांबून थकबाकीचा डोंगर झाल्यावर गेलेल्या माणसावर न्यायाधीश विश्वास का ठेवतील? अर्ज टाकल्यावरही जमेल तेवढे भरत राहावे. पाच हजार होत नसतील तर दोन भरावेत, पण बँकेतून भरावेत किंवा पावती घ्यावी. मुलाच्या हातात दिलेले पाचशे रुपये, दिवाळीला घेतलेले कपडे, परस्पर भरलेली शाळेची फी, हे सगळे बाप म्हणून चांगलेच आहे. पण न्यायालय ते पोटगीच्या हिशेबात धरेलच याची खात्री नाही.

येथे खरी गोम आहे ती पुराव्याची. नोव्हेंबर २०२० मध्ये राजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे, असे बंधन घातले. निर्णय चांगला आहे. पगार लपवणाऱ्या नवऱ्यांना त्याने चाप बसला. पण कायम नोकरीवाल्याकडे नेमणुकीचे पत्र असते, काढून टाकल्याचे पत्र असते. कंत्राटी कामगाराकडे यातले काय असते? त्याला नेमलेही तोंडी आणि काढलेही तोंडी. उद्यापासून येऊ नको, एवढाच त्याचा सेवामुक्तीचा आदेश! असा माणूस न्यायालयात उभा राहून नोकरी गेली म्हणतो तेव्हा समोरचा वकील विचारतो, कागद कुठे आहे? ज्या व्यवस्थेने त्याला कागद दिला नाही तीच व्यवस्था त्याला कागद मागते. म्हणून आमचे सांगणे आहे की पीएफचे पासबुक काढा. कोणत्या महिन्यापासून हप्ता पडणे बंद झाले ते त्यात दिसते. ईएसआयची नोंद काढा. ज्या खात्यात पगार जमा होई त्या खात्याचा उतारा काढा. ठेकेदाराला बाकी पगार मागणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. यातला एक कागद पुरणार नाही, पण सगळे मिळून बोलतात.

ईएसआयचा विषय निघाला म्हणून सांगतो. बेकारीच्या काळात काही मदत मिळावी यासाठी राज्य कर्मचारी विमा महामंडळाने २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. ठरावीक काळ विम्याचा हप्ता भरलेल्या कामगाराला जास्तीत जास्त ९० दिवसांचा भत्ता, सुरुवातीला सरासरी कमाईच्या २५ टक्के आणि २०२० पासून ५० टक्के, असा तिचा हिशेब ठरला. योजनेला मुदतवाढ मिळत आली आहे, म्हणून आज काय स्थिती आहे ते शाखा कार्यालयात जाऊन विचारावे. बाबासाहेब १९४२ ते ४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगार विम्याचा अडारकर अहवाल त्याच काळात, १९४४ साली आला आणि त्यातून १९४८ चा कायदा झाला. ज्या हक्काचा पाया बाबासाहेबांच्या कारकिर्दीत घातला गेला, तो हक्क आपलाच कामगार माहीत नाही म्हणून सोडून देतो, याचे आम्हाला वाईट वाटते.

सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. धडधाकट नवऱ्याला अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसावे लागेल, जबाबदारी टाळता येणार नाही. तत्त्व म्हणून आम्ही याच्याशी पूर्ण सहमत आहोत. लेकराची भूक बापाच्या नोकरीची वाट पाहत नाही. पण धडधाकट असणे आणि रोज काम मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाक्यावर सकाळी शंभर माणसे उभी असतात आणि दहा वाजता त्यातली निम्मी डबा घेऊन परत फिरतात, हे न्यायाधीश महाशयांनी एकदा येऊन पाहावे. कागदावर तीस दिवसांचा रोज धरून पोटगी ठरवली तर ती बापालाही झेपत नाही आणि शेवटी मुलांच्याही हाती पडत नाही.

मात्र हे वाचून कुणी खूश होऊ नये. नोकरी गेली हे सांगून पोटगी बुडवणारे आमच्यात कमी नाहीत. जयंतीच्या डीजेची वर्गणी द्यायला यांच्याकडे पैसे असतात, मोबाईल बदलायला असतात. पीएफचे पैसे काढून हे गाडी घेतात आणि मुलांच्या आईला सांगतात, मी बेकार आहे. पीएफ काढलाच तर त्यातला पहिला वाटा मुलांचा आहे. भगवान बुद्धांनी सिगालाला केलेल्या उपदेशात आईबापांची कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांना विद्या-कला शिकवणे त्यात येते. दर रविवारी विहारात वंदनेला बसणाऱ्याने हे सूत्र एकदा वाचावे.

आता भगिनींसाठी. वस्तीत चार कार्यकर्ते बसवून शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर फारकत लिहून घेण्याची पद्धत अजून गेलेली नाही. त्यात एक ओळ हमखास असते, यापुढे मुलांसाठी काही मागणार नाही. या ओळीला भिऊ नका. मुलांचा हक्क मुलांचा आहे, तो आईला सही करून सोडता येत नाही. बौद्ध पद्धतीने झालेले लग्न कायद्याने लग्नच नाही, असा वकिली कावा कुणी काढला तर त्यालाही भिऊ नका. अज्ञान मुलाची पोटगी आईबापाच्या लग्नाच्या वैधतेवर अवलंबून नाही. आणि थकबाकी साचू देऊ नका. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर तिच्यासाठी वॉरंट निघत नाही. बिचारा बेकार आहे म्हणून दोन वर्षे गप्प राहिलेल्या कित्येक भगिनींचा हक्क असाच पाण्यात गेला आहे. दया दाखवायची असेल तर जरूर दाखवा, पण आधी अर्ज टाका.

स्त्रीच्या हक्कांचे हिंदू कोड बिल रखडवले गेले, तेव्हा २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये तुकड्यातुकड्याने जे कायदे झाले, त्यातल्या दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २० मध्ये मुलांच्या पोटगीचा हक्क आहे. तो बौद्धांनाही लागू आहे. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा असावा ही आमची मागणी कायम आहे, पण तो येईपर्यंत आहे तो हक्क सोडण्यात काय शहाणपण?

वकिलाची फी परवडत नाही, ही तक्रार दोन्ही बाजूंनी ऐकू येते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला आणि बालकाला मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे पोटगी मागणारी आईही पात्र आणि रक्कम कमी करून मागणारा जातीचा दाखला असलेला बापही पात्र. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तालुक्याला समिती आहे, १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. आपल्या समाजात आज वकिलांची वाण नाही. त्यांनी महिन्यातून एक रविवार आपापल्या विहारात बसावे, पीएफचा उतारा कसा काढायचा, कलम १४६ चा अर्ज कसा लिहायचा, थकबाकीचा अर्ज कोणत्या तारखेच्या आत टाकायचा, एवढे तीनच विषय घ्यावेत. विहार समित्यांनी त्यांना एक टेबल आणि दोन खुर्च्या द्याव्यात, आणि येणाऱ्या बाईला वा बाप्याला तू इथे कशाला आलास-आलीस, असे कुणी विचारू नये.